डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

आपल्या मंडळातील कित्येक भगिनींनी बाळंतपणाआधी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या असतील. त्या गोळीमागे ज्यांची खटपट आहे, त्या सुब्बारावांचे नाव मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम् येथे झाला. घरची गरिबी, आणि अभ्यासात चित्त नाही. एकदा तर यात्रेकरूंना केळी विकून पैसा करावा म्हणून स्वारी काशीला पळून निघाली होती. आईने परत आणले. मॅट्रिकला दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेस हा मुलगा पास झाला, यात आईचा वाटा किती, हे आपणां आयांना सांगायला नको. पुढे मद्रासला वैद्यकीय शिक्षण चालू असता गांधीजींच्या प्रभावाने खादी अंगावर आली. ती शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना खपली नाही, आणि पूर्ण पदवीऐवजी एल. एम. एस. या कमी दर्जाच्या पदवीवर समाधान मानावे लागले. त्याच काळात दोन भाऊ थोड्या दिवसांच्या अंतराने वारले. स्प्रू नावाच्या रोगाने, ज्यात खाल्लेले अंगी लागत नाही आणि रक्त आटत जाते, त्यांच्या घरात असा घाला घातला होता.

१९२२ साली, सासऱ्यांच्या मदतीने, ते अमेरिकेस गेले. १९१९ मध्ये लग्न झालेल्या पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. नंतर झालेला मुलगा वर्षाचाही न होता गेला. बापाने त्याचे तोंड पाहिले नाही. बोस्टनमध्ये पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीला रोग्यांची भांडी उचलण्याचे काम करीत हे गृहस्थ हार्वर्डमध्ये संशोधन करीत होते. स्नायूंना शक्ती पुरविणारी द्रव्ये त्यांनी डॉ. फिस्के यांच्यासह शोधली. पण कायमची जागा काही मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले.

फॉलिक ॲसिडच्या कथेची सुरुवात आपल्या मुंबईतही आहे. १९२८ पासून डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज बाईंनी येथील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा पंडुरोग तपासला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे दाखविले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे हेच फॉलिक ॲसिड. सुब्बारावांच्या मंडळीने ते १९४५ साली प्रयोगशाळेत तयार केले. स्प्रूवरही ते चालते. भाऊ गेले त्याला तेव्हा पाव शतक उलटले होते.

आता रक्ताच्या कर्करोगाकडे वळू. अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी जन्मतात, जाणत्या होतात आणि मग कामाला लागतात. या रोगात त्या वयातच येत नाहीत. कोवळ्या अवस्थेतच अडकून भराभर संख्या वाढवितात व निरोगी रक्ताला जागा उरू देत नाहीत. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना दिसले, की अशा मुलांना फॉलिक ॲसिडसारखी द्रव्ये दिली तर रोग उलट जोर धरतो. मग त्याच द्रव्याचे सोंग घेतलेले, पण निकामी, असे काही दिले तर? खोटी किल्ली कुलपात अडकली की खरी आत जात नाही, तसा हा विचार. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने ॲमिनॉप्टेरिन पाठविले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात सोळांपैकी दहा मुलांना उतार पडल्याचे नमूद आहे. तो उतार काही महिनेच टिकला, हे लपविण्यात अर्थ नाही. पण तोवर या मुलांसाठी काहीच नव्हते. शांघायमध्ये १९८५ साली पाच वर्षांच्या एका मुलीला ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचे औषध देऊन कोवळ्या पेशींना जाणते करण्याचा वेगळा मार्ग सापडला, तो पुष्कळ नंतर.

ॲमिनॉप्टेरिनचे धाकटे भावंड मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना देतात, आणि संधिवाताच्या रोग्यांनाही, आठवड्यातून एकदा. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टर जोडीला फॉलिक ॲसिड लिहून देतात. एकाच डबीत सुब्बारावांची दोन्ही औषधे! हत्तीरोगावर घरोघर वाटली जाणारी डी. ई. सी. गोळीही त्यांच्याच प्रयोगशाळेतली.

ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे झोपेतच हृदयविकाराने ते गेले. वय त्रेपन्न. स्वदेशी एकदाही येणे झाले नाही. शेषगिरीबाईंना पतीचे दर्शन १९२२ नंतर घडलेच नाही.