उशिरा आलेल्या लक्ष्मीबाई

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. आई पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या बागांत रोजाने जाते. पहिले वर्षभर मी वर्गात बसून दुसराच अभ्यास केला. कोणाच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, कोणाचे वडील काय करतात, कोण किती शुद्ध बोलते, याचा हिशेब मी मांडीत असे. वाङ्मय मंडळाच्या सभेत निबंध वाचण्यासाठी माझे नाव पुकारले, तेव्हा डोके दुखते असे सांगून मी बाकावरच बसून राहिले. माझ्या आधी वाचलेल्या मुलीच्या तोंडी 'न' आणि 'ण' वेगवेगळे ऐकू येत होते, एवढेच कारण. आणि हीच मी सुट्टीत गावी गेले की शाळा सुटलेल्या चुलतबहिणीपुढे मुद्दाम पुस्तकी भाषेत बोलत असे!

अशा दिवसांत ग्रंथालयातून 'स्मृतिचित्रे' घरी आणले. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकच्याच, हे सर्वांना ठाऊक असते. पण ठाऊक असणे आणि ओळख होणे यांत फरक आहे.

त्यांचा जन्म १८६८ साली, नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याचे इतके वेड की बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू त्यांना बाटलेली वाटे आणि बाजारचे धान्यसुद्धा धुऊन घ्यावे लागे. वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक विद्वान, वक्ते, कवी. स्वभावाने मात्र तापट आणि लहरी. हातात असेल ते दुसऱ्याला देऊन टाकावे, मनात येईल तेव्हा घर सोडून निघावे, असा त्यांचा खाक्या. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहिणे-वाचणे त्यांनी लग्नानंतर टिळकांच्याच प्रोत्साहनाने शिकून घेतले.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढली चार-पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने गेली. त्यातला काही काळ पंढरपुरात. त्या दिवसांचे दुःख त्यांनी जसेच्या तसे सांगितले आहे. मला आश्चर्य वाटते ते याचे, की तेवढ्यातही त्यांना स्वतःची गंमत करता येते. शेवटी त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण सोवळे सांभाळून. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे.

मग एक रात्र आली. झोप लागेना आणि विचार थांबेना. या जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर त्याने पशुपक्ष्यांसारखी माणसांच्या शरीरातही काही वेगळी खूण ठेवली असती. जन्म सारखा, मरण सारखे, मग हे वरचे आणि ते खालचे कोणी ठरवले? उजाडेपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

या ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. आमचे घराणेही ख्रिस्ती, पण आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तो गावकुसाबाहेर राहून. लक्ष्मीबाई इतकी वर्षे ज्या पाण्याला भीत होत्या ते आमच्यासारख्यांच्या घरचे पाणी. तुलनेच्या दोरीचे वरचे टोक त्यांच्या हाती होते, खालचे आमच्या. त्यांनी आपले टोक सोडून दिले. आणि मी? खालचे टोक टोचते म्हणून रडत होते, पण चुलतबहीण दिसली की वरचे टोक घट्ट धरीत होते.

वरचे टोक सोडल्याचा उपयोग लक्ष्मीबाईंना पुढे झाला असावा, असे माझे मत आहे. कारण घरात त्या स्वतः खालच्या टोकाला होत्या. नवरा महाराष्ट्रभर गाजलेला कवी. टिळकांच्या आश्रयाला राहिलेले बालकवी ठोंबरे तर मुलासारखे घरात वावरणारे. एवढ्या कवींच्या गर्दीत अक्षरओळख उशिरा झालेल्या बाईने लेखणी खाली ठेवली असती तर कोणी नवल केले नसते. पण त्यांनी आपल्या साध्या कविता लिहिल्याच. टिळकांसारखे लिहिण्याचा खटाटोप केला नाही आणि आपले लिहिणे लपवलेही नाही.

१९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. येशूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहिले. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटलेली होती. वाचणारा दोघांच्या ओळी शेजारी ठेवून पाहणार हे त्यांना कळत नव्हते असे कसे म्हणावे? मला तर नुसत्या 'ण'ने बाकाला खिळवून ठेवले होते.

शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. पहाटे आलेल्या मजुरांना ठरलेला रोज मिळतो आणि दिवस मावळायच्या सुमारास आलेल्यांनाही तेवढाच. पहाटेचे मजूर कुरकुरतात. लहानपणी उपासनेत हा दाखला ऐकताना मला नेहमी त्या कुरकुरणाऱ्यांचेच म्हणणे पटे. एकदा आईला तसे बोलून दाखवले. ती म्हणाली की संध्याकाळपर्यंत नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचा जीव कसा होतो ते मला माहीत नाही, म्हणून मी तसे म्हणते. काम नाही मिळाले तरी घरी चूल पेटवावीच लागते. त्यांना मिळालेल्या रोजाने आपला रोज कमी झाला का, एवढेच तिने विचारले. लक्ष्मीबाईंचे चरित्र वाचताना मला तो दाखला पुन्हा आठवला. विश्वासाच्या मळ्यात काय आणि अक्षरांच्या मळ्यात काय, त्या उशिराच आल्या होत्या. आधी आलेल्यांनी किती ओळी पुऱ्या केल्या हे मोजत त्या बांधावर उभ्या राहिल्या नाहीत.

'स्मृतिचित्रे' सुद्धा अशीच जन्मली. मुलगा देवदत्त याला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या. आईने त्या लिहिल्या, आणि बोलावे तशा लिहिल्या. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकलाच त्या वारल्या. 'ख्रिस्तायन' छापून आले ते त्यांच्या पाठीमागे, १९३८ साली. शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला. पुढे 'स्मृतिचित्रे' इंग्रजीतही गेले. ज्या टिळकांच्या चरित्रासाठी हे लिहिणे सुरू झाले, त्यांना आज पुष्कळजण या पुस्तकामुळेच ओळखतात. (माझ्या चुलतबहिणीला मी हे सांगितले तेव्हा ती खो खो हसली. त्या दिवशी मी तिच्याशी घरच्या भाषेत बोलत होते.)

सध्या रात्री जेवणे झाल्यावर मी आईला हे पुस्तक थोडे थोडे वाचून दाखवते. दिवसभर घड विरळून तिची बोटे हिरवी-काळी झालेली असतात. जलालपूरच्या सोवळ्याच्या गोष्टींना ती पोट धरून हसली. पंढरपूरचे दिवस आले तेव्हा गप्प झाली. परवा मध्येच तिने विचारले, ही बाई किती शिकली होती? शाळेत गेलीच नव्हती, असे मी सांगितले. आई काही बोलली नाही. दिवा जरा जवळ सरकवला आणि पुढे वाच म्हणाली.