जेम्स ज्यूल : अर्ध्या अंशामागे लागलेला माणूस

दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेचे परिणाम आणि उष्णता असे दोन्ही धडे आहेत. दोन्हींत ‘ज्यूल’ हा शब्द भेटतो. मुलं तो एकक म्हणून पाठ करतात, पण हे कोणा माणसाचं आडनाव आहे हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. म्हणून सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी दहा मिनिटं या माणसाची गोष्ट सांगावी, असं मला वाटतं.

बालपण आणि गुरू

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड गावी झाला. वडिलांचा बिअर गाळण्याचा मोठा कारखाना होता. घरी पैशाची ददात नव्हती, पण जेम्सची तब्येत नाजूक. त्यामुळे शिक्षण बहुतेक घरीच झालं. १८३४ मध्ये त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला शिकवायला गुरू मिळाले ते थेट अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन! डाल्टन यांनी आधी अंकगणित आणि भूमिती पक्की करून घेतली. १८३७ मध्ये ते आजारी पडले आणि शिकवणी थांबली, पण मोजमापाची शिस्त तोवर अंगी बाणली होती.

दोघा भावांना विजेचं भारी वेड. एकमेकांना आणि घरच्या नोकरांना विजेचे झटके देऊन बघत. (हा भाग सांगताना मुलांना ताकीद द्यायला विसरू नका!)

ज्यूल कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक झाले नाहीत. कारखान्याचं काम सांभाळायचं आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्यांचा दिनक्रम.

विजेपासून उष्णतेकडे

कारखान्यातल्या वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटार चालवता येईल का, हा त्यांचा पहिला प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. हिशोब केला तेव्हा दिसलं की बॅटरीत खर्च होणारं जस्त कोळशापेक्षा फारच महाग पडतं. म्हणजे योजना फसली. पण हिशोब करता करता तारा तापतात किती, हे त्यांनी मोजायला घेतलं. १८४० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांना नियम सापडला. वाहकात निर्माण होणारी उष्णता ही धारेचा वर्ग, वाहकाचा रोध आणि काळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. धारा दुप्पट केली की उष्णता चौपट, तिप्पट केली की नऊपट. आपली इस्त्री, गिझर, पाणी तापवायचा रॉड हे सगळे याच नियमावर चालतात.

त्या काळी उष्णता म्हणजे ‘कॅलरिक’ नावाचा अदृश्य द्रव आहे, असं बरेच शास्त्रज्ञ मानत. हा द्रव इकडून तिकडे वाहतो, पण नव्याने तयार होत नाही किंवा नष्टही होत नाही, अशी समजूत. ज्यूल यांना ते पटेना. हाताने फिरवलेल्या विद्युतजनित्रातून धारा निघते आणि तार तापते. मग ही उष्णता आली कुठून? फिरवणाऱ्याच्या श्रमातून! म्हणजे कार्याचं रूपांतर उष्णतेत होतं आणि त्याचा दर मोजता आला पाहिजे. १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क इथल्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभेत कोणी फारसं लक्षच दिलं नाही. रॉयल सोसायटीनेही त्यांचे सुरुवातीचे निबंध पूर्ण छापले नाहीत.

पाणी ढवळण्याचा प्रयोग

मग त्यांनी वीजही बाजूला ठेवली. भांड्यात पाणी, पाण्यात वल्ह्यांचं चाक, चाकाला दोरी आणि दोरीला वजनं. वजनं खाली येतात, चाक पाणी घुसळतं आणि पाणी तापतं. साधी गोष्ट वाटते ना? पण पाणी तापतं किती ते बघा.

त्यांच्या गाजलेल्या प्रयोगात सुमारे १३ किलोची दोन शिशाची वजनं साधारण १.६ मीटर खाली येत, आणि असं २० वेळा करावं लागे. एवढ्या खटाटोपानंतर तापमान वाढे जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये अंशाचा तिसरा हिस्सा. खोलीतल्या माणसाच्या अंगाच्या उबेनेही गोंधळ व्हावा इतकी ही वाढ लहान. म्हणून प्रयोग तळघरात केला. तापमापी अशी घेतली की तिच्यावर अंशाचा दोनशेवा भागसुद्धा वाचता येई. आणि पाण्यावरचा प्रयोग एकदा नाही, ४० वेळा केला!

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत त्यांना थोडक्यात आटपायला सांगण्यात आलं. तेव्हाही विषय हवेतच विरला असता, पण विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) या विशीतल्या तरुणाने त्यात रस घेतला. त्याच वर्षी ज्यूल यांचं लग्न झालं. लग्नानंतर आल्प्सच्या सहलीत ते थॉमसनना भेटले, तेव्हा धबधब्याच्या वरचं आणि खालचं तापमान मोजायला हातात तापमापी होती, अशी आठवण थॉमसन यांनी पुढे सांगितली आहे. दोघांनी मिळून नंतर केलेल्या वायूंवरच्या प्रयोगांचा उपयोग वायू थंड करून त्यांचा द्रव बनवण्यासाठी झाला.

१८५४ मध्ये पत्नीचं निधन झालं. मुलं लहान होती. ज्यूल यांनी पुन्हा लग्न केलं नाही, पण प्रयोग चालू ठेवले. पुढे मानसन्मान मिळाले, १८७० मध्ये कोप्ले पदकही मिळालं. मात्र वडिलोपार्जित पैसा सरत गेला आणि १८७८ पासून त्यांना सरकारी निवृत्तिवेतनाचा आधार घ्यावा लागला. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती फूट-पौंड कार्य लागतं, तो हा आकडा. आयुष्यभराच्या कष्टाचं एका ओळीतलं उत्तर!

वर्गात आणि घरी

मुलांना एक हिशोब जरूर द्या. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेवढ्यात २० लीटर पाणी सुमारे ४३ अंश सेल्सिअसने तापतं. तीच ऊर्जा पाणी उचलायला वापरली, तर तेच २० लीटर पाणी १८ किलोमीटर उंच जाईल, एव्हरेस्टच्या दुप्पट! उष्णतेच्या एका अंशासाठी किती कार्य लागतं, हे यातून चटकन कळतं.

पालकांना तर प्रयोग माहीतच आहे. इडलीचं पीठ मिक्सरमध्ये वाटताना गरम होतं, म्हणून आपण गार पाणी घालतो. त्यात मोटारीची थोडी ऊब असते, पण घुसळण्याचीही असतेच.

शेवटी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने थर्मासमध्ये पाणी भरून बराच वेळ हलवलं आणि तापमान अर्धा अंश वाढल्याचं वहीत लिहिलं. मी लाल पेनाने निरीक्षणात चूक असा शेरा मारला. वाचण्यात चूक असेलही, पण मी ते तपासलं नाही. ज्यूल यांचं चरित्र वाचल्यावर तो शेरा मला फार टोचला. आता कोणी असा अर्धा अंश घेऊन आला, तर मी एवढंच विचारतो की बाळा, हे तू किती वेळा करून पाहिलंस? आणि मग आम्ही दोघं मिळून पुन्हा करून बघतो.