रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे कोण होते?

रविवारी उशिरापर्यंत झोपता येतं, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसतं. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी. १८८० पासून ते 'दीनबंधू' चालवू लागले.

१८८१ साली पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट आला, तोही तोकडा. ७ वर्षांखालच्या मुलांना कामबंदी, ७ ते १२ वयाच्या मुलांना ९ तास. मोठ्यांच्या तासांबद्दल चकार शब्द नाही. चहा-कॉफीच्या मळ्यांवरचे कारखाने तर सरळ वगळलेले! उलट आसामात १८८२ च्या कायद्याने पळणाऱ्या मजुराला धरायचा अधिकार मळेवाल्यांकडेच ठेवला.

मुंबईत निदान सभा घेता येत होती आणि लोखंडेंनी त्या घेतल्या. १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी ती कायद्यातच आली, बायकांना ११ तासांची मर्यादाही.

१८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी धावपळ करताना लोखंडेंनाच लागण झाली. ९ फेब्रुवारीला ते गेले. आसामच्या मळेवाल्यांचा तो अधिकार मात्र १९०८ पर्यंत शाबूत होता.