पंडिता रमाबाई आणि मनोरमा

पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेविषयी आपण पुष्कळ ऐकतो, त्यांच्या आईपणाविषयी थोडेच. पती बिपिन बिहारी मेधावी १८८२ मध्ये पटकीने वारले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. तिला घेऊनच बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पुढे विधवांच्या शाळेसाठी अमेरिकेत साहाय्य गोळा करीत हिंडताना मात्र लेकीला दूर ठेवावे लागले. बाईंच्या सगळ्या त्यागांत आम्हांला हाच कठीण वाटतो. मोठेपणी तीच मनोरमा शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली. गुलबर्ग्याच्या शाळेसाठीही झटली. बाई हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करीत होत्या. ते चालू असतानाच, जुलै १९२१ मध्ये, मनोरमाबाई निवर्तल्या. आईने काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईही गेल्या. भाषांतर नुकतेच पुरे झाले होते.