न्या. रानडे यांचे ग्रंथावलोकन

न्या. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्या चरित्रात समाजसुधारक, अर्थचिंतक आणि इतिहासकार यांनी एवढी जागा व्यापली आहे की, त्यांच्यातील ग्रंथपरीक्षकाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. मराठीत छापल्या जाणाऱ्या नाना विषयांवरील ग्रंथांची दखल घेणे हा त्यांचा तरुणपणापासूनचा व्यासंग होता. पुढे न्यायखात्याची नोकरी, सभा-संस्था आणि वारंवार होणाऱ्या बदल्या सांभाळून तो त्यांनी जोपासला.

मुंबई विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या पदवीधरांत रानडे होते. अतिवाचनाने दृष्टी अधू झाली, तरी वाचन थांबले नाही. उत्तरायुष्यात तर दुसऱ्याकडून वाचून घेण्याची सवयच त्यांना जडली. १८६४ अखेरपर्यंतच्या मुद्रित मराठी ग्रंथांचा आढावा त्यांनी ऐन तारुण्यात घेतला. १८६६ मध्ये सरकारी मराठी भाषांतरकाराचे पद मिळाल्यावर नव्या ग्रंथांचे परीक्षण हा काही काळ नोकरीचाच भाग झाला. पद सुटले, व्यासंग मात्र सुटला नाही.

या व्यासंगामागे एक निकड होती. देशी भाषांत उच्च शिक्षणास योग्य असे वाङ्मय नाही, या समजुतीने विद्यापीठाने १८६० नंतरच्या दशकात त्या भाषांना वरच्या परीक्षांतून दूर सारले होते. या आक्षेपाला भावनेने उत्तर देणे रानड्यांच्या स्वभावात नव्हते. काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र, इतिहास, वैद्यक, कायदा अशी विषयवार मोजदाद करून कोठे समृद्धी आहे आणि कोठे उणीव, हे दाखविणे त्यांना अधिक परिणामकारक वाटले. साहजिकच या परीक्षणात रसग्रहण थोडे आणि हिशेब फार. ग्रंथाने लोकांच्या ज्ञानात व नीतीत काय भर घातली, हाच त्यांचा प्रमुख निकष. संतकाव्याविषयीची त्यांची ओढ सोडली, तर निखळ सौंदर्यदृष्टी त्यांच्या लेखनात क्वचितच आढळते.

चांगल्या ग्रंथांना वाचक व आश्रय मिळावा, याही हेतूने लोकहितवादींसह त्यांनी १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरविली. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. मानवी हक्क सर्वांना मोकळेपणाने न देणाऱ्यांच्या सभेत शूद्रातिशूद्रांचे दुःख उमटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. फुल्यांचा हा आक्षेप रानड्यांच्या मोजदादीलाही लागू पडतो. छापील ग्रंथ मोजणाऱ्या पद्धतीत, ज्यांच्यापर्यंत अक्षरच पोहोचले नव्हते त्यांना स्थान कोठून असणार?

उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असताना १८९८ मध्ये रानड्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिले आणि मधल्या सुमारे तीन दशकांच्या ग्रंथनिर्मितीचा झाडा घेतला. मराठीची ही कैफियत त्यांना इंग्रजीतच मांडावी लागली. निकाल देणारे ती भाषा वाचत होते. विद्यापीठात त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि आयुष्याच्या अगदी अखेरीस त्याला यश येऊन एम.ए. परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. त्या परीक्षेला बसलेला मराठीचा विद्यार्थी त्यांना पाहावयास मिळाला नाही.