स्टेथोस्कोपचा जनक

डॉक्टरांच्या गळ्यात रुळणारा स्टेथोस्कोप न पाहिलेले मूल आज विरळाच. परंतु हे उपकरण ज्याने प्रथम घडविले, त्या रेने लाएनेकचे नाव फारच थोड्यांना ठाऊक असते.

लाएनेकचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. बालपणीच त्याचे मातृछत्र हरपले. नांत शहरी वैद्यकी करणाऱ्या चुलत्याने त्याचा सांभाळ केला. राज्यक्रांतीच्या धामधुमीचे ते दिवस होते. चुलत्याच्या सहवासात रेनेला रुग्णसेवेची गोडी लागली. प्रकृतीने तो कृश होता. बासरीवादनाचा मात्र त्याला मोठा नाद होता. नादाची ही जाण पुढे त्याच्या उपयोगी पडावयाची होती.

१८०१ मध्ये तो पॅरिसला आला आणि कोर्व्हिझार या नामांकित वैद्याचा शिष्य झाला. दोनच वर्षांत त्याने वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिली पारितोषिके मिळविली. ग्रीक भाषेचाही त्याने कसून अभ्यास केला. १८०४ मध्ये त्याने आपला प्रबंध लिहिला, तोही प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या सिद्धांतांवर.

त्या काळी छातीच्या आत काय चालले आहे हे जाणण्याची साधने अत्यंत तोकडी होती. वैद्य छातीवर बोटांनी ठोकून पाही, नाही तर प्रत्यक्ष कान लावी. १८१६ मध्ये लाएनेक पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात काम करीत असताना हृदयविकाराची एक तरुण स्त्री त्याच्याकडे आली. ती स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना, आणि तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. तोच त्याला एक गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकाला टाचणीने ओरखडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्याने कागदांची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक रुग्णेच्या छातीवर टेकले आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके त्याला पूर्वी कधी नव्हते इतके स्पष्ट ऐकू आले!

मग त्याने निरनिराळे पदार्थ वापरून पाहिले आणि अखेर सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची लाकडी नळी पसंत केली. ती तो स्वतः चरकावर कातून तयार करी. ग्रीक भाषेत स्टेथोस म्हणजे छाती आणि स्कोपेइन म्हणजे निरखून पाहणे. या दोन शब्दांवरून त्याने नळीचे नाव स्टेथोस्कोप असे ठेवले. उपकरण ऐकण्याचे आणि नाव पाहण्याचे, हे प्रथम विचित्र वाटते. पण ते सार्थच होते. बंद छातीतील जे डोळ्यांना दिसत नाही, ते लाएनेक कानांनी पाहू लागला होता.

तीन वर्षे तो रुग्णांच्या छातीतील ध्वनी टिपीत राहिला. एखादा रुग्ण दगावला, तर शवविच्छेदन करून तो आपला अंदाज पडताळून पाही. १८१९ मध्ये हे सारे ज्ञान त्याने दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध केले. यकृताच्या एका रोगाला सिऱ्होसिस हे नावही त्यानेच दिले. त्या रोगात यकृताला येणाऱ्या तांबूस पिवळ्या रंगासाठी ग्रीक भाषेत किऱ्होस हा शब्द आहे. जुन्या वळणाच्या काही वैद्यांना ही नळी अनावश्यक वाटली. तथापि परदेशांतून विद्यार्थी तिचा उपयोग शिकण्यासाठी त्याच्याकडे येऊ लागले.

क्षयाच्या रुग्णांमध्ये वावरणाऱ्या लाएनेकला अखेर त्याच रोगाने गाठले. १८२६ मध्ये प्रकृती ढासळल्यावर तो ब्रिटनीला परतला. त्याचा पुतण्या मेरियादेक हाही वैद्य होता. त्याने काकाच्या छातीला तीच नळी लावली आणि जे ऐकू आले ते सांगितले. त्या ध्वनींचा अर्थ जगाला प्रथम सांगणारा स्वतः लाएनेकच होता. आपला काळ जवळ आल्याचे त्याने ओळखले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. आपली नळी त्याने मृत्युपत्रान्वये पुतण्याच्या स्वाधीन केली.

पुढे लाकडी नळी जाऊन दोन्ही कानांना लावावयाच्या लवचीक नळ्या आल्या. उपकरणाचे रूप पालटले, पण लाएनेकने ग्रीक शब्दांतून घडविलेले नाव तेच राहिले. आज मराठी घरातील आजारी मूलही ते नाव सहज उच्चारते.