कविवर बनारसीदास : एका व्यापाऱ्याची खरी वही

श्रावकाच्या पाच अणुव्रतांमध्ये सत्याणुव्रताचे स्थान दुसरे आहे. परिग्रहाची मर्यादा मोजता येते, आहाराचे नियम इतरांना दिसतात. सत्याचे तसे नाही. घरी, दुकानात, चारचौघांत माणूस दिवसभर बोलत असतो आणि त्या बोलण्यात असत्य केव्हा मिसळले, हे पुष्कळदा त्याचे त्यालाही उमगत नाही. हा दोष स्वतःच्या ठायी शोधून तो निःसंकोचपणे लिहून ठेवणारा एक श्रावक सुमारे चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला. ते म्हणजे कविवर बनारसीदास.

त्यांचा जन्म इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळातील जैन घराण्यात झाला. वडील खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. मुलाचे मूळ नाव विक्रमाजीत असे होते. पुढे बनारस येथील पार्श्वनाथ मंदिराच्या पुजाऱ्याने ध्यान लावून, यक्षाने दर्शन दिल्याचे सांगितले आणि त्यावरून मुलाचे नाव बनारसीदास ठेवण्यात आले. ते ध्यान ढोंगाचे होते, असे स्वतः कविवरांनीच नमूद केले आहे. ज्या नावाने जग त्यांना ओळखते, त्या नावाच्या मुळाशीच एक असत्य आहे, हे त्यांनी लपविले नाही.

तारुण्याच्या उंबरठ्यावर ते विषयासक्त झाले. वडिलांच्या घरातील रत्ने चोरून ते प्रिय व्यक्तीला भेटी पाठवीत. याच काळात त्यांनी शृंगारप्रधान असे सुमारे सहस्र पद्यांचे एक काव्य रचले. काही वर्षांनी गोमती नदीच्या पुलावर मित्रांसमवेत ते काव्य वाचीत असता त्यांच्या मनात विचार आला की, एका असत्य वचनानेही जीव दुर्गतीस जातो, मग आपण तर असत्याचा ग्रंथच रचला आहे. त्यांनी ती पोथी तत्काळ नदीत सोडून दिली. मित्र हळहळले. रसिकांची वाहवा मिळवून देणारे शब्दही खरे आहेत की खोटे, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या जीवनात शिरला.

इ. स. १६१० च्या सुमारास वडिलांनी जवाहीर, कापड, तूप व तेल असा माल देऊन त्यांना आग्र्यास पाठविले. बाजाराचा अनुभव नव्हता. नाडीत बांधलेली रत्ने हरवली, कपड्यात बांधून ठेवलेली माणके उंदराने नेली आणि भांडवल हळूहळू संपले. त्या दिवसांत ते रात्री लोकांना प्रेमकथांची काव्ये वाचून दाखवीत. श्रोत्यांमध्ये एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते रोज उधारीवर कचोऱ्या घेत. अखेर एके दिवशी त्यांनी त्याला एकान्तात गाठून, आपल्याजवळ काहीही नाही, तेव्हा यापुढे उधार देण्यापूर्वी विचार करावा, असे स्वतःहून सांगितले. त्या भल्या माणसाने वीस रुपयांपर्यंत खुशाल खाण्यास मुभा दिली. कित्येक महिन्यांनी हिशेब झाला तेव्हा चौदा रुपये निघाले आणि कविवरांनी ते फेडले. पुढे खैराबादला सासरी आल्यावर पत्नीला खरी स्थिती कळली, तेव्हा तिने स्वतः साठविलेले वीस रुपये पतीच्या हाती ठेवले आणि आईकडून आणखी दोनशे मिळवून दिले. बाजारात पत संपलेल्या माणसाला दोन्ही वेळा आधार मिळाला तो खरे कळल्यानंतरच.

तथापि त्यांचे सत्य भाबडे नव्हते. एकदा व्यापारासाठी प्रवास करताना ते व त्यांचे दोन सोबती रात्री वाट चुकून चोरांच्याच गावी पोहोचले. प्राण वाचविण्यासाठी बनारसीदासांनी संस्कृत श्लोक म्हणून गावाच्या मुख्याला आशीर्वाद दिला. त्याने त्यांना ब्राह्मण समजून आसरा दिला. रात्री या तिघांनी सूत वळून चार जानवी केली, तीन अंगावर घातली, एक राखून ठेवले आणि कपाळी मातीचे टिळे लावले. सकाळी चोरांच्या मुख्यानेच त्यांना वाटेला लावून दिले. स्वामी समन्तभद्रांनी रत्नकरण्डकात स्थूल असत्याच्या त्यागाबरोबरच दुसऱ्यावर संकट आणणारे सत्यही वर्ज्य सांगितले आहे. हा विवेक शास्त्रसंमत असला, तरी कविवरांनी या प्रसंगी शास्त्राची ढाल पुढे केली नाही. वेष खोटा होता, तो भयापोटी घेतला, एवढेच त्यांनी सरळ सांगितले.

सत्य म्हणजे सर्व काही सर्वांना सांगणे, असेही त्यांनी मानले नाही. आयुष्य, धन, घरातील गोष्टी, दान, मान, अपमान, मंत्र, औषध आणि कामजीवन या नऊ बाबी बोलून दाखवू नयेत, असा व्यवहार त्यांनी नोंदविला आहे. दुसऱ्याचे गुपित फोडणे हा तत्त्वार्थसूत्रातही सत्याणुव्रताचाच अतिचार मानला आहे. तेथेच खोटा लेख करणे आणि ठेव बुडविणे हे व्यापाऱ्याला जवळचे दोषही सांगितले आहेत.

उत्तरायुष्यात आग्र्याच्या अध्यात्मप्रेमी मंडळींत ते रमले. समयसाराच्या एकांगी आकलनामुळे काही काळ क्रियाकांडाची थट्टा केली, मित्रांसह कोठडीत नग्न होऊन मुनिपणाचे सोंग आणले, हेही त्यांनी सांगून टाकले आहे. पांडे रूपचंदांच्या सहवासात त्यांची दृष्टी सम्यक् झाली आणि इ. स. १६३६ मध्ये समयसार नाटक हा त्यांचा श्रेष्ठ ग्रंथ पूर्ण झाला.

इ. स. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ६७५ पद्यांत अर्धकथानक लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून ही अर्धी कथा. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली व सर्व निवर्तली, हे दुःख त्यात आहे. त्यानंतर त्यांनी स्वतःचे गुण मांडले आणि लगेच दोषही मांडले. धनाचा लोभ आहे, थोड्या लाभाने हर्ष व थोड्या हानीने शोक होतो, चार श्रोते जमले की खोट्या गोष्टी रंगवून सांगण्याचा मोह आवरत नाही, अशी ती कबुली आहे. पोथी नदीत सोडणारा तरुण पंचावन्नाव्या वर्षीही गप्पांत खोटे बोलतो, हे त्याने स्वतःच लिहावे, यापेक्षा मोठा सत्याचा पुरावा कोणता? दुसऱ्याचे गुण व स्वतःचे दोष सांगणारा तो उत्तम. गुणदोष दोन्ही सहज सांगणारा तो मध्यम, असा भेद करून त्यांनी स्वतःला मध्यमांत बसविले.

ज्या समाजात वावरायचे, व्यापार करायचा, त्याच समाजापुढे एका प्रतिष्ठित श्रावकाने हे मांडले. इ. स. १९४३ मध्ये पंडित नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून अर्धकथानक प्रसिद्ध केले आणि ही वही पुन्हा लोकांच्या हाती आली. दीपावलीस आपण नव्या वहीचे पूजन करतो. त्या वेळी जुन्या वहीतील जमेबरोबर नावेची बाजूही तितक्याच खरेपणाने वाचणाऱ्या या व्यापारी कवीचे स्मरण व्हावे. ती बाजू वाचताना कोणाचेही मन क्षणभर थबकल्याशिवाय राहणार नाही.